पात्र कुणाचं, चव कुणाला

लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करत, तेव्हा रंगमंचावर माणूस एकच असे आणि त्याच्या तोंडून बोलणारी माणसं ५२. जाहिरातीत मात्र छापलेलं असे : एकपात्री प्रयोग. शाळेत आपण शिकलो त्या अर्थानं हा हिशेब साफ चुकलेला आहे. गोष्टीतलं माणूस म्हणजे पात्र, असं असेल तर हा प्रयोग बावन्नपात्री म्हणायला हवा. तरीही 'एकपात्री' हा शब्द कुणाला खटकत नाही. या एका समासात पात्र म्हणजे नाटकातला माणूस नव्हे, तो वठवणारा नट. शब्दाचा जुना अर्थ कधी कधी असा एखाद्या समासाच्या माळ्यावर पडून राहतो. खाली घरात सगळं बदललेलं असतं.

'पा' म्हणजे पिणं. ज्यानं प्यायचं ते पात्र. देवघरात पळीशेजारी असतं ते पंचपात्र, पाणी प्यायला घेतो ते फुलपात्र. नदीचं पात्र, सत्पात्री दान, नोकरीच्या जाहिरातीतली पात्रता, या सगळ्यांत प्रश्न एकच : आत काही मावेल का, टिकेल का? मग हे भांडं नाटकात कसं शिरलं?

याचं सर्वांत देखणं उत्तर काश्मीरच्या अभिनवगुप्तानं हजारेक वर्षांपूर्वी दिलं. भरताच्या नाट्यशास्त्रावर 'अभिनवभारती' ही टीका लिहिताना त्याच्यासमोर वाद होता तो रस नेमका असतो कुठे, हा. दुष्यंतात? दुष्यंत होऊन उभ्या असलेल्या नटात? की समोर बसलेल्या माणसात? अभिनवगुप्ताचा कौल प्रेक्षकाच्या बाजूनं. नट हे चव घेण्याचं साधन, आणि म्हणूनच त्याला पात्र म्हणतात, असं तो सांगतो. मद्याची चव काही भांड्याला लागत नाही. शब्दाची व्युत्पत्ती आणि नाटकाचा सिद्धान्त एकाच घोटात पाजणारा असा टीकाकार विरळाच.

कालिदासाला या शब्दाचे दोन्ही अर्थ ठाऊक होते आणि तो त्यांच्याशी खेळतोही. 'शाकुंतला'च्या प्रस्तावनेत सूत्रधार नटीला बजावतो, की प्रत्येक पात्रावर नीट मेहनत होऊ दे. 'मालविकाग्निमित्रा'त नाट्याचार्य गणदास मालविकेबद्दल बोलतो, ते वेगळ्याच सुरात : शिकवणाऱ्याची कला योग्य पात्रात पडली, की शिंपल्यात पडलेल्या ढगाच्या पाण्याचा मोती व्हावा तशी उजळते. इथे पात्र म्हणजे लायक शिष्या. पण हीच शिष्या पुढच्या अंकात राजासमोर नृत्याला उभी राहणार आहे, म्हणजे दुसऱ्या अर्थानंही पात्र होणार आहे.

तेव्हा नाटकातल्या माणसाचं विश्लेषण होत नव्हतं असं नाही. नायक चार प्रकारचे : धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. नायिकेच्या अवस्था आठ. मला ही वर्गवारी नेहमी भांड्यांच्या दुकानासारखी वाटत आली आहे. तांब्या वेगळा, वाटी वेगळी, प्रत्येकाचा घाट पारखून घ्यायचा. पण वाटीच्या मनात काय चाललंय, असं कुणी विचारत नाही.

मराठी नाटक सुरू झालं तेव्हाही पात्र भांडंच होतं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. भाव्यांच्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणे. पात्रं त्यावर अभिनय करत आणि भाषणं आयत्या वेळी आपल्या मनानं बोलत. म्हणजे ओतणारा एक, भरून घेणारे बाकीचे. पुढे नाटक कंपन्यांच्या बोलीत 'पार्ट' आला. स्त्रीपार्टी, राजापार्टी, राक्षसपार्टी ही नटांची जातवारी झाली आणि नट 'पार्ट करू' लागले. हा शब्द इंग्रजी खरा, पण तो इतका मुरला, की कोकणातल्या दशावतारात त्याला परका म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

घोळ सुरू झाला तो शेक्सपिअरपासून. १८८३ साली आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं आणि नाव दिलं 'विकारविलसित'. विकारांचा खेळ! नाव अजून रसशास्त्राच्या घरातलं. आत मात्र जो तरुण होता तो चारांपैकी कुठल्याच खणात बसेना. धीरोदात्त म्हणावं, तर हातून काही होत नाही. धीरप्रशांत म्हणावं, तर चित्त थाऱ्यावर नाही. गणपतराव जोशांनी तो गाजवला आणि लोकांना पहिल्यांदाच भांड्याच्या आत डोकावून पाहावंसं वाटलं. काही वर्षांतच हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. तिथे यमू स्वतःच आपली हकिकत सांगते. तिला कुठल्या नायिकाभेदात घालणार?

टीकाकारांपुढे मग नाव ठेवण्याचा प्रश्न आला. त्यांनी जे केलं ते मला फार लोभस वाटतं. 'रसपरिपोष' हा जुना शब्द हाताशी होता. त्याच मापानं 'स्वभावपरिपोष' शिवून घेतला. जुन्या परीक्षणांत संविधानकानंतर हमखास स्वभावपरिपोषाचा परिच्छेद येई. चाल जुनीच, पण पोसायची वस्तू बदलली होती. आधी रस पोसला जाई, तो प्रेक्षकात. आता स्वभाव पोसायचा, तो पात्रात.

त्यानंतर शब्द कुंभाराकडून चिताऱ्याकडे गेला. स्वभावरेखाटन, व्यक्तिचित्रण, व्यक्तिरेखा. गंमत अशी, की 'कॅरॅक्टर' हा ग्रीकातून आलेला शब्दही मुळात कोरलेल्या खुणेचा, ठशाचा. आपली 'रेखा' त्याला आपसूक जाऊन भिडली. आज मालिकांच्या लेखनाच्या बैठकीत 'कॅरॅक्टरचा ग्राफ' काढतात. रेषाच ती, आता चौकटीच्या कागदावर चढते-उतरते. आणि बिचारं 'पात्र' राहिलं प्रश्नपत्रिकेत आणि टोमण्यात. 'काय पात्र आहे!' हे आपण अशाच माणसाबद्दल म्हणतो, ज्याच्यात काय भरलंय याचा अंदाज लागत नाही.

जुना विचार अगदीच बुडाला असंही नाही. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली : वाचक दुसऱ्याच्या ठिकाणी जाऊन बसतो, पण स्वतःला विसरत नाही. आपलं आपलेपण ठेवून दुसरं होण्यात आनंद आहे. प्रश्न पुन्हा पिणाऱ्याकडे वळला होता. वर्गात मात्र केळकर पोचले नाहीत. तिथे 'अमुक पात्राचे स्वभावचित्रण करा' हाच प्रश्न राहिला, आणि उत्तरात मुलं 'प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी' लिहीत राहिली. चार खणांच्या जागी विशेषणांचे पाच-सात खण, एवढीच काय ती प्रगती.

अभिनवगुप्ताचं म्हणणं पडताळून पाहावं तसं घडलं ते भलत्याच ठिकाणी, क्रांतीनंतरच्या मॉस्कोत. लेव्ह कुलेशोव या दिग्दर्शकानं इव्हान मोझुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा घेतला आणि तो वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. त्याचा शिष्य पुदोव्हकिन सांगतो त्याप्रमाणे, आधी सूपाची बशी, मग शवपेटीतली बाई, मग खेळणारी लहान मुलगी. पाहणारे नटाच्या अभिनयावर खूश. काय ती भूक, काय ते दुःख, केवढं कौतुक डोळ्यांत! चेहरा तर हललाच नव्हता. सूप बशीत नव्हतं, नटाच्या चेहऱ्यावर नव्हतं. ते चाखलं जात होतं खुर्च्यांत. चित्रपटातली माणसं कशी आहेत हे सांगताना आपण पडद्याबद्दल किती आणि स्वतःबद्दल किती बोलतो, ही शंका मला तेव्हापासून सोडत नाही.

आपल्याकडे १९७२च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये ब्राह्मणांची रांग कधी भिंत होते, कधी गर्दी, पुन्हा भिंत. तिथे नट पुन्हा भांडं झाला : रिकामा व्हायचं, दुसरं भरून घ्यायचं.

आणि नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) जब्या. त्याचं स्वभावचित्रण करायला बसलं तर करता येईल : लाजरा, स्वप्नाळू, काळ्या चिमणीच्या मागे लागलेला, शालूवर जीव असलेला. पण सगळ्या गावासमोर डुक्कर धरावं लागल्यावर, हसण्याचा गलका डोक्यावर घेतल्यावर, शेवटी तो धोंडा उचलतो आणि भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या रोखानं. पडदा काळा होतो. थिएटरात खुर्चीवर बसलेला माणूस मान बाजूला घेतो.