जुनी नाणी: ऑनलाइन घ्यावीत की दुकानातून?

सहाव्या जॉर्जचे चित्र असलेला १९३९ सालचा रुपया नाणेसंग्राहकांमध्ये दुर्मीळ मानला जातो. त्याच्या नकलाही म्हणूनच भरपूर आहेत. इंटरनेटवर हा रुपया शोधला तर काही मिनिटांत तो विकणारे बरेच जण सापडतात, आणि कुणी तो इतक्या कमी किमतीत देतो की नवख्या माणसाला लॉटरी लागल्यासारखे वाटावे. हाच रुपया एखाद्या जुन्या विक्रेत्याकडे मागितला, तर बहुतेकदा 'नाही' असे उत्तर मिळते. असलाच तर किंमत ऐकून माणूस परत फिरतो.

या तफावतीचे कारण समजले की ऑनलाइन आणि दुकान यांतला खरा फरक कळतो. फरक मुख्यतः नाण्याच्या किमतीचा नसून पारखण्याच्या जबाबदारीचा आहे.

बट्टा जुनाच आहे

पेशवाईत बाजारात एकाच वेळी अनेक टांकसाळींचे रुपये फिरत. अंकुशी वेगळा, चांदवडी वेगळा, शिवाय इतरही कितीतरी. एका रुपयाच्या बदल्यात दुसरा घेताना सराफ तो पारखी आणि त्याचा बट्टा कापून घेई. सरकारी भरण्यातील नाणी तपासण्याचे काम पोतदाराकडे असे. म्हणजे नाणे खरे आहे का, त्यात चांदी किती आहे, हे सांगणाऱ्या माणसाला त्या कामाचे पैसे मिळत.

आज नाण्यांच्या चांगल्या दुकानात जी चढी किंमत दिसते, तिच्यात हा बट्टा असतो. विक्रेत्याने ते नाणे आधी स्वतः पारखून घेतलेले असते आणि उद्या ते खोटे निघाले तर गिऱ्हाईक त्याच्याच दारात येणार असते. ऑनलाइन स्वस्त मिळणाऱ्या नाण्यात बहुधा ही पारख धरलेली नसते. ती विकत घेणाऱ्याने करायची असते, आणि तीही छायाचित्रावरून.

छायाचित्रात काय दिसत नाही

१९३९ च्या रुपयाचेच उदाहरण घ्यावे. ब्रिटिश काळातील रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी होती. १९४० पासून हे प्रमाण ५० टक्क्यांवर आणले गेले आणि उरलेल्या भागात तांबे, निकेल व जस्त आले. वजन मात्र तेच ठेवले. त्यामुळे १९४० नंतरच्या रुपयावरील वर्ष खोडून कुणी १९३९ केले, तर साध्या काट्यावर ते पकडता येत नाही, छायाचित्रात तर नाहीच.

कडा मात्र बोलते. आधीच्या रुपयाच्या कडेवर सरळ रेघा आहेत, तर १९४० पासूनच्या रुपयांच्या कडेत रेघांच्या मधोमध नक्षीची खाच आली. तिला 'सिक्युरिटी एज' म्हणतात. म्हणून ऑनलाइन विक्रेत्याकडे फक्त दोन्ही बाजूंची छायाचित्रे न मागता कडेचेही मागावे. जो ते देत नाही, त्याच्याकडून महागडे नाणे घेऊ नये. अर्थात १९३८ च्या खऱ्या रुपयातील शेवटच्या आकड्याचा ९ केलेला असेल, तर कडाही खरीच असते. तिथे हातात भिंग धरून त्या आकड्याभोवतीचा पृष्ठभाग पाहण्याला पर्याय नाही.

धातू ओळखण्याची एक सोपी घरगुती रीत आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा. मग नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात असे लोंबकळत धरायचे की ते तळाला किंवा काठाला टेकणार नाही. न झिजलेल्या जुन्या चांदीच्या रुपयासाठी काटा सुमारे १.१३ दाखवतो, तर ५० टक्के चांदीच्या रुपयासाठी सुमारे १.२२. नाणे झिजलेले असेल तर त्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागावे. उत्तर १०.३ च्या आसपास आले तर चांदी जुन्या प्रमाणाची आणि ९.५ च्या आसपास आले तर नंतरची. नाणे नंतर टिपून कोरडे करावे, घासू नये. ही तपासणी दुकानात विनंती करून किंवा पार्सल आल्यावर घरी करता येते. खरेदीच्या आधी, मोबाइलच्या पडद्यावर ती करता येत नाही.

नाणे दगडावर वाजवून घेण्याची जुनी पद्धत संग्राहकाने टाळावी. नाणे खणखणीत आहे हे कळेल, पण कडेवर खूण पडेल.

शिवराईची गोष्ट वेगळी

हाताने पाडलेल्या नाण्यांना वेगळा नियम लागतो. शिवराईवर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे असतात. ठसा अनेकदा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असे. त्यामुळे कुठे 'श्री' बाहेर गेलेली असते, तर कुठे 'ति' अर्धीच उमटलेली. शिवराई छत्रपतींच्या नंतरही दीर्घकाळ पाडली जात होती, म्हणून तिचे प्रकारही पुष्कळ आहेत. दोन शिवराया सहसा एकसारख्या नसतात.

म्हणूनच 'चित्रात दाखवल्याप्रमाणे' असे लिहून एकाच छायाचित्रावर वीस शिवराया विकणाऱ्याकडून घेण्यात अर्थ नाही. जे नाणे मिळणार आहे त्याचेच छायाचित्र हवे. जुन्या बाजारात ढिगातून स्वतः निवडण्याची मजा आणि सोय इथे खरी उपयोगी पडते. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात हे अजूनही करता येते. मात्र रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे बिल नसते आणि दुसऱ्या आठवड्यात तो त्याच जागी असेलच असे नाही. शिवकालीन सोन्याचा होन तर अशा ठिकाणी कुणी कितीही शपथा घालून देऊ केला तरी हात लावू नये. तो फार दुर्मीळ आहे आणि त्याच्या नकला जागोजागी आहेत.

राम-सीता किंवा हनुमानाचे चित्र आणि त्यावर 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असे लिहिलेले तांब्याचे तुकडे दुकानातही दिसतात आणि ऑनलाइनही. ही कंपनीने चलनासाठी पाडलेली नाणी नाहीत. देवघरात ठेवायला हरकत नाही, पण संग्रहाची किंमत देऊन घेऊ नयेत.

नाणे प्रदर्शने हा या दोहोंमधला मार्ग. तिथे वेगवेगळ्या राज्यांतले विक्रेते शेजारी शेजारी बसलेले असतात. एकाकडचे नाणे पाहून दुसऱ्याकडे तसेच नाणे मागितले की दर आणि दर्जा दोन्ही लगेच कळतात.

ऑनलाइन कुठे सरस ठरते

स्वतंत्र भारताच्या नाण्यांसाठी ऑनलाइन खरेदीसारखी सोय नाही. वर्षाच्या खाली हिऱ्याची खूण असेल तर नाणे सर्वसाधारणपणे मुंबई टांकसाळीचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि खूण नसेल तर कोलकात्याचे. एका वर्षाच्या एका टांकसाळीचे नाणे हवे असेल तर लातूर किंवा चंद्रपूरच्या संग्राहकाला गावात ते मिळणे अवघड. अशी नाणी स्वस्त असतात, त्यामुळे फसवणूक झाली तरी नुकसान मोठे नसते.

स्मारक नाण्यांचे संच सरकारी टांकसाळ स्वतःच्या संकेतस्थळावरून विकते. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या वेळी २०२३ मध्ये काढलेले ७५ रुपयांचे ३५ ग्रॅमचे नाणे याच प्रकारातले. असे संच मध्यस्थाकडून चढ्या दराने घेण्याआधी टांकसाळीचे संकेतस्थळ पाहावे.

लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर मागील लिलावांत कोणते नाणे कितीला गेले हे पाहता येते. दुकानातून खरेदी करणाऱ्यानेही हे आधी पाहून जावे. लिलावात बोली लावताना मात्र बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचे शुल्क आणि कर वेगळे लागतात, हे विसरून अनेकांचे अंदाजपत्रक कोसळते.

'जुने नाणे द्या, लाखो घ्या'

सर्वांत जास्त लोक फसतात ते विकत घेताना नव्हे, विकायला जाताना. २०१२ मधील वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला किंवा ७८६ क्रमांकाच्या नोटेला लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती समाजमाध्यमांवर फिरतात. फोन केला की आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन मागितले जाते. काही जण रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरतात. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी स्पष्ट केले की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

कायद्याची एक बाजू दोन्हीकडे सारखीच लागू आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. त्यामुळे लंडन किंवा न्यू जर्सीतल्या भाच्याला घरातली शिवराई भेट म्हणून कुरिअर करणेही नियमाबाहेरचे आहे. शेतात किंवा पाया खणताना नाणी सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, ती विकायला काढता येत नाहीत.

ऑनलाइन घेतलेले पार्सल उघडताना चित्रीकरण करावे आणि वजन व कडा त्याच दिवशी तपासावी, कारण परत करण्याची मुदत थोडी असते. दुकानात 'पुरातन नाणे, नग १' एवढेच लिहिलेले बिल घेऊ नये. त्यावर राजा, वर्ष, धातू आणि वजन लिहून घ्यावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रीच्या संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, आणि त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देऊन एका महिन्यात ती निकाली काढायची असते. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.