ग्रानादाचे छोटे न्हाणीघर

स्पेनमधल्या ग्रानादा शहरात माणूस जातो तो अल्हाम्ब्राचा राजवाडा पाहायला. मी आणि लेकही त्यासाठीच गेलो होतो. पण राजवाड्याच्या टेकडीखालून दारो नावाची नदी वाहते (आपण तिला ओढाच म्हणू), तिच्या पलीकडच्या काठावर, आल्बाइसीन या जुन्या वस्तीच्या पायथ्याशी, एका साध्या घराच्या दारातून आत गेले की अकराव्या-बाराव्या शतकातला एक हमाम लागतो. त्याला 'एल बान्युएलो' म्हणतात, म्हणजे छोटे न्हाणीघर. खरे सांगायचे तर राजवाड्यापेक्षा तोच माझ्या जास्त लक्षात राहिला.

हमामखाना हा शब्द मराठीला नवा नाही. पण इथे सबंध इमारतच आपल्या तांब्याच्या बंबासारखी चालत असे. एका टोकाला भट्टी, तीवर पाणी तापत असे, आणि भट्टीची गरम हवा शेजारच्या दालनाच्या फरशीखालून फिरवलेली. म्हणून भट्टीजवळचे दालन सर्वांत गरम, मधले कोमट आणि दाराजवळचे थंड. पोहण्याचा तलाव नाही. पाणी अंगावर ओतून घ्यायचे, आपल्यासारखेच. बायकांची आणि पुरुषांची वेळ वेगळी. विटांच्या घुमटाकार छतांत चांदणीच्या आकाराचे झरोके आहेत. त्यांतून उजेडाचे कवडसे खाली पडतात, की दिवा लावायची गरजच वाटू नये.

मधल्या मोठ्या दालनातले खांब मात्र जरा निरखून पाहावेत. त्यांचे माथे एकसारखे नाहीत. काही रोमन काळातले, काही व्हिसिगॉथ राजवटीतले, काही कॉर्दोबाच्या खिलाफतीच्या काळातले. जुन्या इमारतींचे दगड आणून नव्या कामात बसवलेले. मुळात थंड-कोमट-गरम हा क्रम आणि फरशीखालून ऊब देण्याची युक्तीही रोमन लोकांचीच. अरबांनी ती उचलली, आपल्या गरजेप्रमाणे बदलली आणि शतकानुशतके चालवली.

आता पुढची गोष्ट. ३५ वर्षे शाळेत इतिहास शिकवताना मुलांनी १४९२ हे साल पाठ केले ते कोलंबससाठी. त्याच वर्षी २ जानेवारीला ग्रानादाच्या शेवटच्या मुसलमान सुलतानाने शहर फर्नांडो आणि इसाबेला यांच्या हवाली केले. लोकांचा धर्म, मशिदी, चालीरीती यांना हात लावणार नाही, असे वचन तहात होते. ते ८-१० वर्षेही टिकले नाही. सक्तीने बाप्तिस्मा दिला गेला, आणि अशा बाटवलेल्या लोकांना 'मोरिस्को' म्हणू लागले. मग त्यांच्यावर नजर ठेवणे आले. कोण वारंवार अंग धुतो, हाही धर्मन्यायालयापुढे संशयाचा पुरावा ठरू लागला!

१ जानेवारी १५६७ रोजी राजा दुसरा फेलिपे याचा हुकूम ग्रानादात जाहीर झाला. अरबी पोशाख बंद, अरबी नावे बंद, हमाम बंद. आणि ३ वर्षांच्या आत अरबी बोलणेही बंद.

याला उत्तर दिले फ्रान्सिस्को नुन्येस मुलेय या वृद्ध मोरिस्को गृहस्थाने. त्याने दरबाराच्या अधिकाऱ्यापुढे लेखी अर्ज ठेवला. त्याचे म्हणणे अगदी साधे होते. हमाम असतात ते अंग स्वच्छ करण्यासाठी. धर्मविधीला शुचिता आणि एकांत लागतो, तो या गर्दीच्या, मळाच्या जागी कुठून मिळणार? ते बंद केले तर लोकांनी आंघोळ करायची कुठे? आणि भाषेचे म्हणाल, तर पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबी बोलतात, म्हणून ते ख्रिस्ती नाहीत का? जन्मभर एक भाषा बोललेल्या म्हाताऱ्यांनी ३ वर्षांत दुसरी शिकायची कशी? सारा जन्म मराठीतून शिकण्या-शिकवण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला हा शेवटचा प्रश्न फार आत जाऊन लागला.

अर्जाचा उपयोग झाला नाही. १५६८ च्या नाताळच्या सुमारास बंड पेटले, १५७१ पर्यंत ते मोडून काढले. ग्रानादाच्या मोरिस्कोंना कास्तिलच्या गावोगावी पांगवले. १६०९ ते १६१४ या काळात तर सुमारे ३ लाख मोरिस्कोंना स्पेनबाहेरच घालवले. रोमचा वारसा सांगणाऱ्या राज्याने परके म्हणून जे बंद केले, ते निम्मे रोमचेच होते, हे त्या खांबांकडे पाहूनही कोणाच्या ध्यानात आले नसावे.

मग हे न्हाणीघर वाचले कसे? कोणी जपले म्हणून नव्हे. त्यावर घर उभे राहिले आणि आतली जागा कपडे धुणाऱ्या बायकांच्या उपयोगी पडली. इतिहासकारांचे लक्ष जाईपर्यंत धुणेवाल्यांनी ते वापरात ठेवले. १९१८ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक ठरले आणि पुढच्या दशकात लिओपोल्दो तोर्रेस बाल्बास या वास्तुतज्ज्ञाने त्याची डागडुजी केली.

असो. ग्रानादाला जाणे झालेच तर अल्हाम्ब्रा बघाच. पण टेकडी उतरल्यावर अर्धा तास या छोट्या न्हाणीघरासाठी ठेवा, आणि मधल्या दालनात खांबांचे माथे एकेक करून बघा.