वतनावर सोडलेले पाणी

भोर-वेल्ह्याचा इतिहास म्हटला की आपली नजर आपोआप वर जाते. राजगड, तोरणा, रोहिडा. या भागावर मराठीत जे लिहिले गेले, त्यातील बहुतेक लेखन किल्ल्यांच्या तटावरून खाली पाहणारे आहे. जुन्या कागदपत्रांतील व्यवहार मात्र निराळा. तिथे हा मुलूख ओळखला जातो तो खोऱ्यांनी. कानंदीचे कानद खोरे, वेळवंडीचे वेळवंड खोरे, गुंजवणीचे गुंजण मावळ. शिवाय रोहिड खोरे, हिरडस मावळ. एका ओढ्याला मिळणाऱ्या वाड्या, उतारावरची नाचणी-वरी, तळाशी भाताची खाचरे आणि या सगळ्यांवर एक देशमुख, अशी ही रचना होती. डोंगराची सोंड ओलांडली की देशमुख बदले. गुंजण मावळात शिळीमकर, कानद खोऱ्यात मरळ, हिरडस मावळात बांदल, रोहिड खोऱ्यात जेधे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या खोऱ्यांकडे वळावे याचे एक कारण अगदी आपल्या प्रांतातले आहे. रोहिड खोऱ्यातील कारी गावच्या जेधे घराण्याने जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाद्वारे प्रकाशात आणली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी पुढे आली ती तिच्यामुळे. पण शकावलीइतकाच मोलाचा आहे तो जेधे करीना. करीना म्हणजे घराण्याने सांगितलेली आपली हकीकत. हक्क शाबीत करणे हा तिचा हेतू, त्यामुळे तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. मात्र भाऊबंदकी, शेजारच्या देशमुखांशी झालेली भांडणे, त्यांत सांडलेले रक्त, हे सारे तिच्यात ज्या रोखठोक गद्यात येते ते बखरींच्या अलंकारांपुढे फार ताजे वाटते.

१६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा आदिलशाही फर्मान कान्होजी जेध्यांनाही पोहोचले. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कान्होजी पाच मुलांसह राजगडी आले आणि हातावर पाणी घेऊन त्यांनी वतनावरचा हक्क सोडला. 'पाणी सोडणे' हा वाक्प्रचार आपण आज सहज वापरतो. इथे तो कृतीसह येतो. या माणसांच्या लेखी वतन म्हणजे खोऱ्यातला मान, गावकीतली जागा आणि पुढच्या पिढ्यांचा भात. ते सोडणे किती अवघड होते, हे खोपड्यांच्या निवडीवरून कळते. त्यांना केवळ फितूर म्हणून मोकळे होणे आम्हाला फार सोपे वाटते.

कारी पाण्याखाली गेली नाही. पाणी आले ते शेजारच्या वेळवंड खोऱ्यात, आणि ते कुणी हातावरून सोडलेले नव्हते. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने नीरेच्या कालव्यांची योजना आखली आणि भाटघरला वेळवंडीवर पहिले धरण बांधले. ते अपुरे पडले म्हणून मोठे, दगडी लॉईड धरण उभे राहिले. ते १९२८ साली पुरे झाले. भूमी भोर संस्थानची, पंतसचिवांच्या राज्यातली. पाणी मात्र बारामती, इंदापूर, माळशिरस अशा दूरच्या, पाऊस कमी असलेल्या तालुक्यांसाठी. कालव्याखालच्या उसाने आणि साखर कारखान्यांनी पुढे महाराष्ट्राचे अर्थकारण आणि राजकारण कसे घडवले, हे आपण पुष्कळ वाचले आहे. त्या उसाच्या वरच्या अंगाला जे खोरे होते, त्याविषयी किती वाचले?

हे प्रश्न त्या काळी कुणाला सुचलेच नाहीत असे नाही. डोंगरापलीकडे मुळशी पेट्यात १९२१ पासून सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह चालवला. तिथे समोर टाटांची कंपनी होती आणि पुण्याची वृत्तपत्रे जवळ होती. वेळवंडीचा रयत संस्थानी प्रजाजन. त्याच्या वरचा राजा वेगळा आणि त्या राजाच्या वरचे सरकार वेगळे. दाद मागायची तरी कोणाकडे? मुळशीचे नाव आपल्या वाङ्मयात आणि चळवळींच्या इतिहासात राहिले; वेळवंडीचे पाटबंधारे खात्याच्या नकाशात राहिले.

१९४८ साली संस्थान विलीन झाले, पण पाण्याची वाट बदलली नाही. पुढे नीरेवर देवघरला आणि वेल्ह्यात धानेपला गुंजवणी प्रकल्पाचे धरण झाले. पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखे कोसळणाऱ्या या मुलखातल्या उंचावरच्या वाड्या मात्र उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लावतात.

नावांचेही असेच झाले. भाटघरच्या जलाशयाला आता येसाजी कंक यांचे नाव आहे. ते त्याच खोऱ्यातल्या भुतोंड्याचे, म्हणून ते उचितच. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास मान्यता दिली. अभिमानाची गोष्ट खरी. तरीही खालच्या गावाचे नाव गेले आणि वरच्या गडाचे आले, हे आमच्यासारख्यांच्या मनातून जात नाही.

कांबऱ्याचे प्राचीन कांबरेश्वर मंदिर वर्षाचा बहुतेक काळ भाटघरच्या पाण्यात असते. उन्हाळ्याच्या अखेरीस कालव्यांकडे पाणी सुटून जलाशय आटला की ते उघडे पडते. आसपासच्या गावांचे लोक गाळ तुडवत दर्शनाला जातात. मग पाऊस लागतो, आणि वेळवंडी पुन्हा चढू लागते.