तळटीप : हर्णैचा लिलाव

देवळाली प्रवराहून (ता. राहुरी) निघालेले प्रवासी हर्णैला पोचतात, त्या प्रसंगातला ‘लिलाव’ म्हणजे दापोली तालुक्यातील (जि. रत्नागिरी) हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव. किनारा उथळ असल्याने मच्छीमार होड्या खोल पाण्यातच नांगर टाकत. छोट्या होड्या आणि पाण्यात उतरवलेल्या बैलगाड्या मासळी वाळूवर आणत. पापलेट, सुरमई, कोळंबी यांचे ढीग लागले की तिथेच बोली सुरू होई. कंबरभर पाण्यात गाडी ओढणारे बैल पाहून उसाच्या गाड्यांच्या मुलखातले हे प्रवासी का थबकले, ते राहुरीकडच्या वाचकाला सांगायला नको. त्याच्या ओळखीची ताजी मासळी मुळा धरणातली. रोहू, कटला, मृगळ. समुद्र त्याच्याकडे येतो तो आठवडे बाजारातल्या सुकट-बोंबलांतून, आणि त्यामागे किनाऱ्यावरच्या बायकांचे वाळवणाचे, निवडण्याचे कष्ट आहेत. प्रवासवर्णनांत त्यांची दखल फारशी घेतली जात नाही, ही उणीव मोठी आहे.

हर्णै बंदरासमोर पाण्यात दिसतो तो सुवर्णदुर्ग. आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत पडले. मराठ्यांच्या दर्यावरील सत्तेला स्वकीयांच्याच हातून बसलेला तो घाव होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हर्णैला जाऊ इच्छिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे : 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा हा बाजार पाहायला मिळणार नाही.