आराखडा, हिशेब आणि माणूस

आपल्या जुन्या घराण्यांत वाडा बांधायचा ठरला की गवंडी, सुतार आणि घरचा कारभारी अशा तिघांची बैठक बसे. आखणी जमिनीवरच फक्कीने होई, चुना-लाकडाचा हिशेब कारभाऱ्याच्या वहीत उतरे आणि घरातली वडीलधारी बाई माजघर कुठे हवे, न्हाणीचे पाणी कुठे जावे, हे ठणकावून सांगे. कला, हिशेब आणि राहणाऱ्याची गरज या तिन्ही गोष्टी एकाच ओसरीवर भेटत. पुढे वास्तुविशारद हा शिकलेला व्यावसायिक आला आणि या तिन्हींचा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर पडला. त्याला आराखडा काढायला शिकविले गेले. उरलेल्या दोन गोष्टी तो कुठे शिकला, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

हिंदुस्थानातील वास्तुशिक्षणाचा उगम मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत सापडतो. तेथे सुरुवातीला सरकारी व खासगी कचेऱ्यांना लागणारे आरेखक तयार होत. साहेबाने कल्पना मांडावी आणि देशी माणसाने ती स्वच्छ रेखाटावी, अशी ती वाटणी होती. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी 1917 साली आपली संघटना स्थापन केली. गेटवे ऑफ इंडियाचे शिल्पकार जॉर्ज विटेट हे तिचे पहिले अध्यक्ष. 1929 मध्ये या संघटनेने ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ हे नाव धारण केले. कारकुनीवजा कामातून स्वतंत्र व्यवसायाकडे जाण्याची ही धडपड होती. व्यवसाय म्हटला की मेहनताना, करारनामा, ग्राहकाशी वाद, कचेरीतील माणसांचे पगार हे सारे आलेच. तरुण ते शिकला तो एखाद्या ज्येष्ठाच्या कचेरीत उमेदवारी करून. गुरू दक्ष असेल तर विद्या मिळे, नसेल तर चुकांतून शहाणपण येई आणि त्या चुकांचा खर्च ग्राहक सोसत असे.

स्वातंत्र्यानंतर, 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमाने या व्यवसायाला कायद्याची चौकट मिळाली आणि वास्तुविशारद परिषद अस्तित्वात आली. 1989 मध्ये व्यावसायिक वर्तणुकीचे विनियम आले. आपल्या सेवेची जाहिरात करू नये, दलाली वा भेटी घेऊ नयेत, असे निर्बंध त्यांत आहेत. पण मला अधिक मोलाचे वाटते ते आरंभीचेच कलम. आपला व्यवसाय पर्यावरणाच्या आणि समाजाच्या भावी हिताच्या आड येणार नाही, याची दक्षता वास्तुविशारदाने घ्यावी, असे ते सांगते. म्हणजे लोकहित हा व्यवसायाला मागाहून लावलेला अलंकार नव्हे, ती त्याची पहिली अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले की, हा कायदा ‘वास्तुविशारद’ या बिरुदाचे संरक्षण करतो, त्या कामाची मक्तेदारी देत नाही. तेव्हा समाजाचा विश्वास स्वतःच्या वागणुकीनेच मिळवावा लागणार.

शासकीय सेवेत असताना मुलींच्या एका वसतिगृहाची नस्ती माझ्या मेजावर आली होती. आराखडा इतका देखणा की पाहणाऱ्याने हरखून जावे. पण अंदाजपत्रकात पायाच्या खडकाचा विचार नव्हता, निविदेतील परिमाणे आराखड्याशी जुळत नव्हती आणि कंत्राटदाराने अर्ध्यावर काम सोडले. छपराविना त्या भिंतींनी दोन पावसाळे काढले. त्या दोन वर्षांत आसपासच्या खेड्यांतील किती मुलींचे शिक्षण थांबले, याची नोंद कोणत्याही नस्तीत नाही. आराखडा करणारा मनुष्य प्रामाणिक होता, कल्पकही होता. त्याला हिशेब कोणी शिकविला नव्हता, एवढेच. आणि तो मागून घ्यावा, हे मलाही वेळीच सुचले नाही.

याच्या उलट उदाहरणासाठी आम्हां इंदूरकरांना दूर जावे लागत नाही. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या कारकिर्दीत पॅट्रिक गेडिस इंदुरास आले. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. त्यांचा इंदूरविषयक अहवाल 1918 मध्ये प्रसिद्ध झाला. शहर सुधारायचे तर आधी ते पायी फिरून पाहावे, रोग्याची नाडी पाहिल्याशिवाय शस्त्र उचलू नये, ही त्यांची रीत. सरसकट पाडापाडीपेक्षा जरुरीपुरती काटछाट ते पसंत करीत, कारण त्यात घरे वाचतात आणि पैसाही वाचतो. प्लेगच्या त्या काळात त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजली आणि जे मोहल्ले अधिक स्वच्छ होतील त्यांतून ती जाईल, असे जाहीर केले. लोकांनी चढाओढीने घरे-गल्ल्या झाडून काढल्या, असे त्यांच्या चरित्रांत वाचायला मिळते. हुकमाने जे साधले नसते, ते माणसे ओळखल्याने साधले.

दुसरे उदाहरण अरण्य वसाहतीचे. पुण्यात जन्मलेले आणि जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी यांनी 1980 च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी ही वसाहत आखली. सुमारे 85 हेक्टर जागा, साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड आणि साठ हजार लोकवस्तीचा अंदाज. आखणीपूर्वी इंदूरच्या झोपडवस्त्यांतील ओटे, झाडाखालची दुकाने, दारापुढची कामे यांचा बारकाईने अभ्यास झाला. गरिबाला तयार घर न देता जोते, शौचालय-न्हाणी आणि जमल्यास एक खोली द्यावी, पुढचे घर त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी योजना होती. हप्ते उत्पन्न पाहून ठरविले होते आणि मोठे भूखंड विकून येणाऱ्या पैशातून लहानांचा भार हलका करायचा होता. येथे हिशेब आणि दया ही दोन वेगळी खाती राहिली नाहीत. 1995 मध्ये या वसाहतीस आगाखान पुरस्कार लाभला आणि दोशींना 2018 चा प्रित्झकर सन्मान मिळाला. पुढे काही भूखंड मूळ धारकांच्या हातून सुटून अधिक सुस्थितीतल्या लोकांकडे गेले, हेही सांगितले पाहिजे. वसाहत उभी राहिली म्हणजे काम संपले असे नव्हे, हा धडाही अरण्यानेच दिला.

आज वास्तुशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘व्यावसायिक आचरण’ हा विषय आहे, कचेरीतील प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे, परिषदेचे प्रशिक्षण व संशोधन केंद्र पुण्यात आहे. तथापि पदवीनंतरचे शिक्षण हे प्रमाणपत्रापुरते राहता कामा नये. माझ्या अल्पमतीप्रमाणे तरुण वास्तुविशारदाने वर्षातून एकदा तरी तीन कामे करावीत. आपल्या एका पूर्ण झालेल्या कामाचा अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी-शेजारी मांडावा. पाच वर्षांपूर्वी बांधलेल्या घरी जाऊन तिथल्या गृहिणीशी बोलावे. आणि ज्याला मेहनताना परवडत नाही अशा एखाद्या शाळेची वा वस्तीची गळती मोबदला न घेता थांबवून द्यावी.

अहिल्याबाईंनी दूरदूरच्या तीर्थक्षेत्री घाट, धर्मशाळा, मंदिरे उभारली. त्यांचा खर्च खासगीच्या दौलतीतून झाला आणि त्याचा हिशेब राहिला. त्या पायऱ्यांवर आजही कोणी तरी अनोळखी यात्रेकरू पाय धुतो आहे. आपल्या वसतिगृहाला अखेर छप्पर पडले. तिसऱ्या वर्षी तिथे पहिल्या मुली राहायला आल्या, तेव्हा दरवाजाशी उभा राहून मी त्यांची संख्या मोजली. नस्तीत ती कधी लिहिली नव्हती, म्हणून.