‘यमुनापर्यटन’ हातात घेतल्यावर पडलेले काही प्रश्न

इतिहासाच्या संशोधनाची तयारी करताय आणि कादंबरी कशाला वाचायची, असं तुम्हाला वाटत असेल, तर बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ उघडून बघा. हे पुस्तक 1857 साली प्रसिद्ध झालं. मी ते नुकतंच वाचायला घेतलंय. त्यातून निघालेले प्रश्न इथे मांडतो, म्हणजे साहित्याकडे साधन म्हणून कसं बघायचं याचा थोडा अंदाज येईल.

पहिली गोष्ट जाणवते ती ही, की कथानक अगदी बारीक आहे. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि वाटेत त्यांना विधवांच्या कहाण्या कळत जातात. पुढे विनायक मरतो आणि यमुना स्वतःच विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. प्रवास हे इथे निमित्त आहे. एकेक कहाणी म्हणजे जणू साक्षीदाराची जबानीच.

मग लगेच मोह होतो: ‘1857 च्या आसपास विधवांची स्थिती अशी होती’ असं लिहून तळटीप देऊन मोकळं व्हायचं. इथेच थांबा. जबानी कोण नोंदवतंय? पदमनजी 1854 साली ख्रिस्ती झाले, म्हणजे पुस्तक आलं तेव्हा धर्मांतराला जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्यामुळे पुस्तक खोटं ठरत नाही. पण कुठली कहाणी निवडली, ती कुठे संपवली आणि सुटकेचा रस्ता कुठला दाखवला, हे त्या नजरेतून ठरलंय, हे लक्षात ठेवावं लागतं.

दुसरा प्रश्न तारखेचा. विधवाविवाहाचा कायदा जुलै 1856 चा. पुस्तक त्याच्या पाठोपाठचं. आता कायद्यानं परवानगी दिली, तरी समाजात तो विवाह उभा राहतो का? यमुनेचा विवाह धर्म बदलल्यावरच होतो. मग लेखकाला कायदा अपुरा वाटत होता का? पुस्तक वाचताना हा प्रश्न शेजारी लिहून ठेवा. त्याच कायद्याचं दुसरं कलमही वाचा: पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जातो. केशवपन, उपास, टोमणे यांच्या जोडीला मालमत्तेबद्दल कादंबरी काय बोलते आणि कुठे गप्प बसते, ते शोधा.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: या विधवा कोणाच्या घरातल्या? केशवपन आणि पुनर्विवाहबंदी ही मुख्यतः ब्राह्मण आणि काही उच्च जातींची रीत. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत पाट लावण्याची चाल होतीच. पुढे मुंबई उच्च न्यायालयानं असा अर्थ लावला की आधीपासून पाटाची चाल असलेल्या जातींतल्या बाईचाही मालमत्तेवरचा हक्क पुनर्विवाहानंतर जातो. अलाहाबादचं मत याच्या उलट होतं. म्हणजे ‘हिंदू विधवा’ असा एकच शब्द वापरला की काही बायका चित्रातून गळतात, आणि त्याची किंमत त्यांना कोर्टात मोजावी लागते.

आणखी एक. या पुस्तकाला ‘मराठीतली पहिली कादंबरी’ म्हणतात, पण तो मान नंतरच्यांनी दिलेला आहे. तेव्हाच्या वाचकानं ते कथा म्हणून वाचलं की उपदेश म्हणून? उत्तर हवं असेल तर त्या काळातली वर्तमानपत्रं आणि मिशनऱ्यांचे अहवाल चाळायला लागतील.

एक काम सुचवतो. वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे कादंबरी काय सांगते ते, उजवीकडे ते पडताळायला कुठलं दुसरं साधन लागेल ते. पहिल्या तीस पानांतच उजवी बाजू भरायला लागते. तुमच्या प्रबंधाचा विषय बहुतेक तिथेच सापडेल.