वेळूचा ऑर्गन

मनिलाच्या दक्षिणेस असलेल्या लास पिन्यास येथील चर्चसाठी दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूने १८१६ साली जो ऑर्गन बांधावयास घेतला, त्याची हकीकत मला विशेष हृद्य वाटते. कारण युरोपातील कारागीर ज्या नळ्या प्रायः कथिल आणि शिसे यांच्या मिश्रधातूतून घडवीत, त्या या सत्पुरुषाने गावच्या बांबूतून घडविल्या. तोडलेले वेळू त्याने समुद्रकाठच्या वाळूत दीर्घकाळ पुरून ठेवले, आणि किडीच्या तावडीतून जे निभावले तेवढेच कामास घेतले. एकूण १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत.

आपल्या पायपेटीत धातूची पाती कंप पावतात. येथे मात्र बासरीप्रमाणे नळीच्या तोंडाशी हवेचा झोत धारेवर आदळतो व आतील वायुस्तंभच निनादतो, आणि भात्याने तो झोत अखंड पुरवावयाचा असतो. दर्शनी भागी आडव्या रोवलेल्या तुताऱ्यांना धातूच लागला, व त्या बसवून वाद्य पुरे होण्यास १८२४ साल उजाडले.

पुढे भूकंप आणि वादळे यांनी त्याची दैना केली. अखेर १९७३ साली नळ्या उतरवून जर्मनीतील बॉन येथे क्लाइस यांच्या कारखान्यात रवाना झाल्या, आणि तेथे, बांबू तडकू नये म्हणून, उष्ण व दमट हवामान मुद्दाम राखलेल्या दालनात त्यांची दुरुस्ती झाली. १९७५ साली ऑर्गन स्वगृही परतला, तेव्हा सारे गाव त्याच्या स्वागतास लोटले.